थंडीने निवडलेले बियाणे : काटक लसूणघासाचे आरंभीचे प्रयोग

लसूणघासाचे मूळ घर म्हणजे इराण, कॉकेशस आणि त्यापलीकडचा मध्य आशियाचा उंच, कोरडा मुलूख. तिथे उन्हाळा भाजून काढतो आणि हिवाळा गोठवतो. एका जागी वर्षानुवर्षे टिकणारे, जमिनीत खोल मूळ सोडणारे आणि कापले की पुन्हा फुटणारे हे पीक अशा हवेतच घडले. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या सुमारास ते इराणी फौजांच्या घोड्यांच्या चाऱ्याबरोबर ग्रीसमध्ये पोचले, असे जुने रोमन लेखक सांगतात. पुढे रोमनांनी ते इटलीत आणि स्पेनमध्ये नेले. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते मेक्सिको, पेरू आणि चिली या देशांत पोचवले. सोन्याच्या शोधात माणसांचे लोंढे कॅलिफोर्नियाकडे निघाले, त्या 1850च्या दशकात चिलीतून बियाणे तिथे आले आणि पाटाच्या पाण्यावर झपाट्याने पसरले.

या प्रवासाची एक बाजू सहज नजरेतून सुटते. ग्रीस, इटली, स्पेन, चिली, कॅलिफोर्निया ही सगळी ठिकाणे उबदार हिवाळ्याची आहेत. थंडीतही वाढत राहणाऱ्या झाडांना तिथे फायदा होता आणि थंडी पडताच झोपी जाणाऱ्यांना तोटा. दोन हजार वर्षे बी या वाटेने हातोहात फिरत राहिले आणि मूळच्या मुलखातला काटकपणा त्यातून गळत गेला. कॅलिफोर्नियात डोळ्यांत भरणारे पीक मिनेसोटा किंवा डाकोटात पेरले की पहिल्या किंवा दुसऱ्या हिवाळ्यात मरून जाई. वॉशिंग्टन आणि जेफरसन यांनीही अमेरिकेच्या पूर्व भागात लसूणघास लावून पाहिला होता. तिथे आम्लधर्मी जमिनीने घात केला. उत्तरेकडे मात्र अडचण थंडीचीच होती. लसूणघास ही जात थंडी सोसते की नाही, हा प्रश्न मुळात चुकीचा मांडलेला होता. बी कोणत्या वाटेने आले, हा खरा प्रश्न होता, आणि तो ध्यानात यायला जवळजवळ अर्धे शतक गेले.

थंडीने झाड मरते म्हणजे काय होते, हे आधी पाहिले पाहिजे. काटक झाड शरद ऋतूत दिवस लहान होऊ लागताच वरची वाढ आवरते. सोटमुळात स्टार्च साठत जातो आणि थंडी वाढेल तसे त्यातल्या बऱ्याच भागाचे साखरेत रूपांतर होते. साखरेमुळे पेशींतले पाणी सहजासहजी गोठत नाही, आणि वसंतात नवी पालवी फुटते तीही याच शिदोरीवर. बुडखा, म्हणजे मूळ आणि फांद्या जिथे मिळतात तो भाग, जमिनीत जितका खाली असेल तितके त्याच्यावरचे डोळे सुरक्षित राहतात. उबदार मुलखातल्या वाणाला लहान दिवसांचा इशारा कळत नाही. ते ऑक्टोबरातही हिरवेगार वाढत राहते, साठा करत नाही आणि पहिल्या कडक गोठणीत मान टाकते. दुसरा धोका वसंतात येतो. रात्री गोठणारी आणि दिवसा वितळणारी ओली जमीन फुगते, दबते आणि सरळ सोटमूळ खुंटासारखे वर उपसून काढते. मार्चअखेरीस अशा शेतात बुडखे जमिनीच्या दोन-तीन बोटे वर आलेले दिसतात; खाली तुटलेले मूळ असते आणि वर वाळत चाललेले डोळे.

उत्तर अमेरिकेत या संकटातून तगलेले पहिले वाण कुठल्या संशोधन केंद्रात तयार झाले नाही. वेंडेलिन ग्रिम हा जर्मनीतल्या बाडेन प्रांतातल्या क्युल्सहाइम गावचा शेतकरी. 1857 साली तो बायकामुलांसह मिनेसोटात आला आणि कार्व्हर काउंटीत त्याने जमीन घेतली. सामानात 15 ते 20 पौंड लसूणघासाचे बी होते. गावाकडे हे पीक ‘कायमचा क्लोव्हर’ या अर्थाच्या नावाने ओळखले जाई, कारण एकदा पेरले की ते वर्षानुवर्षे टिके. 1858च्या वसंतात ग्रिमने ते पेरले. मिनेसोटात पारा उणे 30 अंशांच्या खाली उतरतो; बाडेनच्या हवेशी त्याची तुलनाच होत नाही. पहिल्या हिवाळ्यांत बरेचसे पीक मेले. जी झाडे वाचली त्यांचे बी ग्रिमने धरले आणि ते पुन्हा पेरले. पुन्हा काही मेली, काही वाचली, आणि वाचलेल्यांचे बी पुन्हा पेरणीला गेले. हे असे वर्षानुवर्षे चालले.

याला प्रयोग म्हणावे का, असा प्रश्न रास्त आहे. नोंदवही नव्हती, तुलनेसाठी शेजारी दुसरे वाण नव्हते, आणि आपण वाण घडवतो आहोत अशी ग्रिमची कल्पना असल्याचा पुरावाही नाही. त्याला गुरांसाठी चारा हवा होता, आणि नवे बी विकत घेण्यापेक्षा घरचे पेरणे स्वस्त पडत होते. तरीही निवडीसाठी लागणाऱ्या तिन्ही गोष्टी त्या शेतात होत्या. झाडाझाडांत फरक होता, दरवर्षी निष्ठुर चाळणी लावणारा हिवाळा होता, आणि चाळणीतून उरलेल्यांचेच बी पुढे जात होते. लसूणघासाचे फूल मधमाशीने किंवा रानमाशीने उघडल्यावाचून सहसा फळत नाही, त्यामुळे बहुतेक बी दोन वेगळ्या झाडांच्या संकरातून येते. एका शेतातली दोन झाडे सहसा सारखी नसतात. स्वपरागित पिकात ही चाळणी लवकर संपली असती. इथे दर पिढीला तिच्यासमोर नवे मिश्रण येत होते. हळूहळू शेजारच्या जर्मन शेतकऱ्यांनीही ग्रिमकडून बी नेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिनेसोटात लसूणघास मोठ्या प्रमाणावर दिसे तो कार्व्हर काउंटीतच. ग्रिम 1890 साली वारला, तोवर या बियाण्याला स्वतःचे नावही नव्हते.

ग्रिमच्या बियाण्याला आणखी एक आधार होता, आणि त्याची ग्रिमला कल्पना नव्हती. लसूणघासाची नेहमीची फुले जांभळी असतात आणि शेंग गोगलगाईच्या शंखासारखी दोन-तीन वेढ्यांची. त्याच कुळातली दुसरी एक जात, मेडिकागो फाल्काटा, युरोपच्या मध्यापासून सायबेरियापर्यंत रानात उगवते. तिची फुले पिवळी आणि शेंग विळ्याच्या आकाराची. ही जात थंडी आणि अवर्षण दोन्ही सोसते, पण जमिनीसरशी पसरते, कापल्यावर सावकाश फुटते आणि पिकलेल्या शेंगा फुटून बी सांडते. जर्मनीच्या फ्रँकोनिया भागात जांभळा आणि पिवळा लसूणघास शेजारी शेजारी वाढत असत, आणि माशा त्यांचा संकर घडवत असत. त्यातून निघालेल्या झाडांची फुले जांभळी, निळी, हिरवट, धुरकट, पिवळसर अशी बहुरंगी असतात. ग्रिमच्या शेतातल्या बहुतेक झाडांची फुले जांभळीच होती, पण अधूनमधून हिरवट किंवा धुरकट घोस दिसे. तेवढ्या खुणेवरून वनस्पतिशास्त्रज्ञांनी पुढे ताडले की या बियाण्यात पिवळ्या जातीचे रक्त आहे. मुळेही तेच सांगत होती. चिलीच्या वाणाचे मूळ सरळ, एकटे खाली जाणारे. ग्रिमच्या झाडाचे मूळ वरच्या भागातच फाटे फोडणारे, आणि बुडखा रुंद व जमिनीत दबलेला. फुगणाऱ्या जमिनीला असे झाड सहज उपसता येत नाही.

आर्थर लायमन हा त्याच काउंटीतल्या शेतकरी घरातला. बाहेरून आणलेले बी थंडीने जाते आणि शेजारच्या जर्मनांचा लसूणघास मात्र वर्षानुवर्षे उभा राहतो, हा फरक त्याच्या लक्षात आला. 1900च्या सुमारास त्याने ही गोष्ट मिनेसोटाच्या कृषी प्रयोग केंद्रातल्या विलेट हेज यांच्या कानावर घातली. हेज पिकांच्या निवडपैदाशीत रमलेले गृहस्थ. पुढे ते अमेरिकेचे कृषी उपमंत्री झाले. त्यांनी बियाणे तपासायला घेतले आणि वाणाला ग्रिमचे नाव मिळाले. लायमनने स्वतः बीजोत्पादन सुरू केले आणि आयुष्याचा मोठा भाग त्यात घालवला. या कथेत ग्रिमचे नाव ठळक झाले ते रास्तच. पण चाळीस वर्षे एका काउंटीत दडून राहिलेले बियाणे बाहेर काढण्याचे श्रेय लायमनच्या निरीक्षणाला द्यायला हवे. ग्रिमच्या शेजारपाजारच्यांनी ते शेत रोज पाहिले होते, पण बाहेरच्या बियाण्याशी ताडून कुणी पाहिले नव्हते.

खरी परीक्षा नॉर्थ डाकोटातल्या डिकिन्सन इथे झाली. तिथे बर्फाचे पांघरूण पातळ असते, वारा ते उडवून नेतो आणि जमीन उघडी पडते. तिथल्या प्रयोग केंद्राचे प्रमुख एल. आर. वॉल्ड्रन आणि केंद्रीय कृषी खात्याचे चार्ल्स ब्रँड यांनी अनेक देशांतून आणलेली वाणे तिथे शेजारी शेजारी लावली. 1908-09च्या हिवाळ्यानंतर रोपे मोजली. अरबस्तान आणि पेरूकडच्या उबदार प्रदेशांतली वाणे जवळपास साफ झाली. ग्रिमची अगदी थोडी झाडे गेली, आणि मधल्या वाणांचे नुकसान ती कोणत्या हवामानातून आली होती त्या प्रमाणात होते. वाणाला थंडीचे वळण किती लागले आहे, हे त्याच्या मूळ ठिकाणावरून सांगता येते, हा निष्कर्ष ब्रँड आणि वॉल्ड्रन यांनी 1910 साली अहवालात मांडला. पुढच्याच वर्षी ब्रँड यांनी ग्रिम वाणावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. ग्रिमच्या आयुष्याची जी माहिती आज सर्वत्र फिरते, तिचा बराचसा भाग तिथून आला आहे.

याच वर्षांत शेतकऱ्यांना आणखीही काही व्यवहारी गोष्टी पटल्या. गोठण सुरू होण्याच्या चार-सहा आठवडे आधी शेवटची कापणी थांबवली नाही, तर मुळात साठा होत नाही आणि काटक वाणही मरते. जमिनीत योग्य जिवाणू नसतील तर मुळांवर गाठी येत नाहीत आणि झाड पिवळे पडून आधीच अशक्त होते. म्हणून जुन्या लसूणघासाच्या शेतातली माती गाडीत भरून नव्या शेतात पसरण्याची पद्धत त्या काळात रूढ होती. प्रयोगशाळेतले संवर्धन मिळू लागल्यावर ती मागे पडली.

हे चालू असताना दुसरी वाट थेट मूळ मुलखाकडे निघाली होती. नील्स हॅन्सन हा डेन्मार्कमध्ये जन्मलेला, आयोवात शिकलेला आणि साउथ डाकोटात ब्रुकिंग्जच्या कृषी महाविद्यालयात शिकवणारा फळबाग-शास्त्रज्ञ. आयोवातल्या एम्स इथले प्राध्यापक जेम्स विल्सन 1897 साली कृषिमंत्री झाले आणि त्यांनी त्याच वर्षी हॅन्सनला रशियाला धाडले. थंडी आणि अवर्षण सोसणारी पिके शोधणे हे काम होते. रशियातून मध्य आशियातले तुर्कस्तान, तिथून पश्चिम चीनची सरहद्द आणि परतताना सायबेरिया असा हा प्रवास होता. बराचसा रस्ता घोडागाडीत आणि हिवाळ्यात बर्फगाडीत पार पडला. लसूणघास उत्तरेकडे कुठवर जातो याचा माग हॅन्सन घेत गेला. जांभळ्या फुलांचे पीक मागे पडले की पुढे सायबेरियाच्या माळावर पिवळ्या फुलांची रानटी जात दिसू लागते, हे त्याने पाहिले. तुर्कस्तानी लसूणघासाचे बी त्याने मोठ्या प्रमाणात पाठवले. 1898 साली कृषी खात्याने परदेशी बी-रोपे आणण्यासाठी डेव्हिड फेअरचाइल्डच्या हाताखाली स्वतंत्र विभाग सुरू केला, त्याच्या पहिल्या यादीत हॅन्सनच्या या मालाचा मोठा वाटा होता.

हॅन्सनची बाजू घेणाऱ्यांना वाटले की ग्रिमच्या अपघाती वाणापेक्षा सरकारी खर्चाने मूळ ठिकाणाहून आणलेले बियाणे श्रेष्ठ ठरेल. तसे झाले नाही. तुर्कस्तानी वाण थंडी सोसत होते, पण ओलसर प्रदेशांत त्याचे उत्पन्न कमी आले आणि बीही फारसे धरत नव्हते. शिवाय व्यापाऱ्यांनी नाव चालते म्हणून तुर्कस्तानी बी परस्पर युरोपच्या बंदरांतून ओतायला सुरुवात केली, आणि त्याबरोबर अमरवेल आली. रशियन नॅपवीड नावाचे चिवट तणही अमेरिकेत शिरले ते याच बियाण्यातून. कोरड्या हवेत घडलेले वाण ओल्या हवेत जसेच्या तसे चालेल, ही अपेक्षाच चुकीची होती. पण तुर्कस्तानी बियाणे निकामी ठरवून टाकणेही घाईचे झाले असते, हे तीस वर्षांनी कळले.

हॅन्सन 1906मध्ये आणि त्यानंतर पुन्हा आशियात गेला, आणि आता त्याचे मन पिवळ्या फुलांच्या जातीवर जडले होते. सायबेरियाच्या माळावरून मूठमूठ बी गोळा करायचे, ते ब्रुकिंग्जला वाफ्यात रुजवायचे आणि रोपे शेतकऱ्यांना वाटून शेतात लावायची, अशी त्याची योजना होती. बी अत्यल्प असल्याने पेरणी परवडत नव्हती, तेव्हा तंबाखू लावायच्या यंत्राने रोपे लावण्याचा मार्ग त्याने सुचवला. कल्पना हुशारीची, पण एकरभर चाऱ्यासाठी रोपे लावत बसायला कुणाकडे सवड नव्हती, आणि शेंगा फुटून बी सांडण्याचा दोष यंत्राने सुटणारा नव्हता. शुद्ध पिवळी जात पीक म्हणून उभी राहिली नाही. संकरित वाणे मात्र टिकली. रशियातल्या वोरोनेझ प्रांतातून आलेले कोसॅक हे त्यातले सगळ्यांत उपयोगी ठरले.

ग्रिमच्या बियाण्याचे भाव चढले तसा वेगळाच प्रश्न उभा राहिला. ग्रिमचे बी आणि साधे बी डोळ्यांनी वेगळे ओळखता येत नाही; फरक कळायला एक कडक हिवाळा जावा लागतो, तोवर व्यापारी पैसे घेऊन गेलेला असतो. कॅन्ससचे साधे बी ग्रिम म्हणून विकले गेले आणि फसलेले शेतकरी वाणालाच दोष देऊ लागले. उपाय म्हणून उत्तर अमेरिकेत उत्पादकांचे संघ, शेतातली तपासणी आणि शिक्कामोर्तब केलेल्या पोत्यांची पद्धत रुजली. 1926च्या कायद्याने आयात बियाण्याला रंग देणे सक्तीचे झाले. अमेरिकेतल्या हवामानाला न मानवणाऱ्या प्रदेशांतून आलेल्या मालात दहा टक्के दाणे लाल रंगवलेले असायचे. पोते उघडले की ते कुठले हे शेतकऱ्याला कळे. बियाण्याच्या दुकानदारीवर इतका सोपा आणि इतका चोख लगाम क्वचितच बसवला गेला असेल.

ग्रिम वाणाचा मान फार काळ टिकला नाही. 1924 साली कार्व्हर काउंटीत ग्रिमच्या शेतावर स्मारक उभारले गेले, आणि साधारण त्याच सुमारास विस्कॉन्सिनमध्ये एक नवा रोग ओळखला गेला. जिवाणूजन्य मर असे त्याचे स्वरूप. तिसऱ्या वर्षी पाने बारीक आणि पिवळी होतात, झाड खुजे राहते, मूळ कापले की सालीखाली पिवळसर तपकिरी कडी दिसते आणि शेत विरळ होत जाते. थंडीने आणि कापणीने झालेल्या जखमांतून हा जिवाणू शिरतो. ग्रिमकडे त्याच्याविरुद्ध काहीच नव्हते. मिनेसोटात ज्या चाळणीतून ते गेले होते, त्या चाळणीत हा रोग कधी नव्हताच. तुर्कस्तानी बियाण्यात मात्र प्रतिकारशक्ती निघाली. ज्या वाणाला उत्पन्न कमी म्हणून बाजूला ठेवले होते, त्याच्यासाठी पैदासकार पुन्हा जुन्या याद्या चाळू लागले. नेब्रास्कात तयार होऊन 1942 साली बाहेर पडलेल्या रेंजर वाणात तुर्कस्तानी आणि कोसॅक वाणांबरोबर तिसरे एक वाण होते, त्याचे नाव लडाख.

हे तिसरे वाण लेहहून आले. 1910 साली अमेरिकेच्या कृषी खात्याला लेहमधून बियाण्याची एक लहान पुडी मिळाली. साडेतीन हजार मीटर उंचीवर, हिमनद्यांच्या वितळलेल्या पाण्यावर तिथे लसूणघास पिकतो आणि हिवाळ्यासाठी वाळवून घराच्या छपरावर रचून ठेवला जातो. लडाखमध्ये वाढीचा हंगाम आखूड, म्हणून झाडाने सगळे बळ पहिल्या कापणीत ओतायचे आणि नंतर सावकाश व्हायचे. अमेरिकेच्या उत्तर मैदानी राज्यांत हेच वळण कामी आले. कोरडवाहू शेतात वसंतातली ओल संपायच्या आत पहिली भरघोस कापणी मिळते, आणि उन्हाळ्यात फारसे काही मिळाले नाही तरी शेतकऱ्याची तक्रार नसते. या वाणातही पिवळ्या जातीचे मिश्रण आहे, फुले बहुरंगी आहेत, आणि थंडी, अवर्षण व मर या तिन्हींना ते बऱ्यापैकी पुरून उरते. विस्कॉन्सिनने 1953 साली दिलेल्या व्हर्नल वाणातही लडाखचा अंश आहे, आणि व्हर्नल हे पुढे कित्येक वर्षे थंड प्रदेशांतल्या चाचण्यांचे तुलनेचे प्रमाण वाण राहिले.

महाराष्ट्रातल्या घासाची गोष्ट याच्या नेमकी उलटी आहे. पश्चिम महाराष्ट्राच्या दुभत्या जनावरांच्या पट्ट्यात घास तीन-चार आठवड्यांनी कापला जातो आणि हिवाळ्यात त्याची वाढ सर्वांत चांगली होते. थंडीत झोपणारे ग्रिमसारखे वाण इथे लावले, तर चाऱ्याची खरी निकड असते त्याच महिन्यांत ते जमिनीला चिकटून बसेल. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे आरएल-88 हे बहुवर्षीय वाण निवडले गेले ते भरपूर कापण्या आणि भरीव उत्पन्न पाहून. बर्फाचा त्यात कुठे संबंध नाही. अमरवेल मात्र इथेही बियाण्यातूनच शेतात येते, म्हणून चाळून स्वच्छ केलेले बी घेण्याचा आग्रह अहिल्यानगर-पुण्याच्या शेतकऱ्यांना तितकाच धरावा लागतो.

1970च्या दशकात अमेरिकी पैदासकारांनी तिथल्या सगळ्या लसूणघासाच्या वंशावळीची छाननी केली आणि त्याचे मूळ नऊ उगमांत वाटले. पिवळी फाल्काटा, लडाख, बहुरंगी युरोपीय वाणे, तुर्कस्तानी, फ्लेमिश, चिलीचे, पेरूचे, भारतीय आणि आफ्रिकी असे ते नऊ. थंडी सोसण्याच्या उतरंडीत फाल्काटा आणि लडाख वरच्या टोकाला, तर भारतीय आणि आफ्रिकी खालच्या टोकाला येतात. म्हणजे लेहचे बी आणि भारतीय मैदानांतले बी एकाच यादीच्या दोन टोकांना आहे.